शुक्रपेशीतला डीएनए

परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी एका मुलीचा जन्म झाला, तेव्हा स्त्रीबीज व शुक्रपेशी यांचा संयोग शरीराबाहेर घडवून गर्भ गर्भाशयात सोडण्याची पद्धत मुंबईत सिद्ध झाली. शुक्रपेशीचा दुसरा वैद्यकीय उपयोग मात्र अपत्यप्राप्तीचा नाही. तिच्या डोक्यात डीएनए, म्हणजे आनुवंशिक माहिती वाहणारा रेणू, दाटीवाटीने भरलेला असतो. संशोधक फ्रीडरिश मीशर यांना तो १८६९ मध्ये प्रथम सापडला तो (ऐकायला किळसवाणे वाटले तरी) जखमांच्या पट्ट्यांवरील पुवात, आणि पुढे बासेल येथे त्यांनी त्याच्या अभ्यासासाठी सामन माशाचे शुक्र निवडले. आजही सामन व ट्राउट माशांच्या शुक्रपेशींतील प्रथिने काढून टाकून डीएनएचे तुकडे शुद्ध केले जातात व त्वचेत टोचले जातात. हे तुकडे पेशींवरील ॲडिनोसिन-ग्राहकांना चेतवतात, त्यामुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्वचेला बळकटी देणारे कोलॅजन बनवणाऱ्या पेशी कामाला लागतात. मधुमेहींच्या पायाच्या चिवट जखमांवर त्यांचा गुण चाचण्यांत दिसला आहे. सुरकुत्यांबाबत मात्र जाहिराती जितक्या ठाम असतात, तितका पुरावा भक्कम नाही.