लॅमिंग्टन रोड ते काशीद

नव्वदच्या दशकात काशीद-मुरूडकडच्या कुणाला संगणक घ्यायचा असला, तर एसटीने अलिबाग, मांडव्याहून लाँचने गेटवे आणि तिथून ग्रँट रोडचा लॅमिंग्टन रोड असा प्रवास ठरलेला. तिथे ‘असेम्बल्ड’ यंत्र मिळे. मदरबोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसऱ्या, कॅबिनेट तिसऱ्याच कुणाचे. दुकानदारांचे दर सारखे बदलत, कारण वरच्या पातळीवर स्पर्धा पेटली होती. एक गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर एएमडीने ६ मार्च २००० रोजी जाहीर केला आणि इंटेलने दोनच दिवसांनी, ८ मार्चला. नवी चिप आली की जुनीचा भाव घसरायचा, आणि आपल्याकडचे बहुतेक गिऱ्हाईक त्या जुनीचेच.

माहिती-तंत्रज्ञान कराराप्रमाणे भारताने संगणकांवरचे आयात शुल्क २००५ पर्यंत शून्यावर आणले. त्याच वर्षी एचसीएलने ९,९९० रुपयांचा संगणक बाजारात उतरवला. हिशेबाने आता खेड्यापाड्यांत मागणीचा पूर यायला हवा होता. तसे झाले नाही, आणि या साऱ्या कहाणीत मला तीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. भारनियमन होते, इंटरनेटला टेलिफोनची तार लागे, हे खरेच. पण त्याहून मोठी अडचण अशी, की हे यंत्र घरी आणून मराठी माणसाने त्यावर मराठीत करायचे काय?

मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलरची श्रीलिपी होती, सी-डॅकचे आयएसएम होते, बंगळूरची आकृती होती. तिघांत चुरस होती आणि त्या चुरशीतून देखणे फॉन्ट निघाले. दिवाळी अंकांची पाने त्यांवरच सजली. पण अक्षरांचे संकेत प्रत्येकाचे वेगळे. एकीकडे टाइप केलेला लेख दुसऱ्याच्या यंत्रावर उघडला, की ‘महाराष्ट्र’च्या जागी रोमन अक्षरे आणि विरामचिन्हांचा खिचडा दिसे. डीटीपीवाला कन्व्हर्टर लावून तो सोडवी, तरी जोडाक्षरे आणि रफार तुटायचेच. मग मुद्रितशोधकाची रात्र त्यातच जाई. असे यंत्र छापखान्याला परवडे. घरात पत्र लिहिणाऱ्याने ते कशाला घ्यावे? देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून होती, विंडोज २००० मध्ये तिला आधार मिळाला, आणि हळूहळू सगळ्यांचा पाया एक झाला. पाया समाईक आणि चढाओढ त्याच्या वर, अशी मांडणी झाली तेव्हाच मराठी गिऱ्हाइकाला स्पर्धेचा खरा लाभ झाला, असे माझे ठाम मत आहे.

मधल्या काळात मागणी वेगळ्याच दाराने आली. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला. सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र हवे, म्हणून तालुक्याच्या गावी संगणक केंद्रे उभी राहिली. हजारो मुलामुलींनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो तिथे. प्रमाणपत्र घरी आले. संगणक क्वचितच आला.

खरी उलथापालथ झाली फोनवर. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झाले, ३१ मार्च २०१७ पर्यंत फुकट चालले, आणि बाकीच्या कंपन्यांना दर पाडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये गूगलने मराठी बोलून टाइप करण्याची सोय दिली. या दोन्ही गोष्टी पाठोपाठ आल्या हे काशीदसारख्या गावाचे भाग्य. ज्या बाईने कधी कीबोर्ड शिकला नाही, ती चुलीपाशी उभी राहून फोनला सांगते, ‘दोन खोल्या आहेत, जेवणात सुरमई मिळेल, चेक-इन बाराला’, आणि पुण्याच्या पाहुण्याला मजकूर जातो. सुरूच्या बनालगत शहाळी विकणाऱ्याच्या गाडीवर क्यूआर कोड लटकतो. सातबारा, दाखले, बँक, सगळे त्याच पडद्यावर. आपल्या किनाऱ्याचा घरगुती संगणक हाच.

२०२० च्या जूनने ही मागणी आणखी घट्ट केली. ३ जूनला निसर्ग वादळाने रायगडची वीज आणि टॉवर आडवे केले. त्याच महिन्यात शाळा ऑनलाइन झाल्या. घरात दोन मुले आणि फोन एक, तोही बापाबरोबर कामावर. कर्ज काढून दुसरा फोन घेणाऱ्या कुटुंबाला कुठल्याही जाहिरातीची गरज नव्हती.

स्पर्धा विरळ झाल्याचा परिणामही याच फोनवर दिसतो. खासगी कंपन्या तीनच उरल्या आणि जुलै २०२४ मध्ये तिघींनी जवळजवळ एकाच वेळी दर वाढवले. खोल्यांच्या बुकिंगचेही तसेच. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो आणि ओयो यांना मिळून ३९२ कोटींहून अधिक दंड ठोठावला. आपल्या मंचापेक्षा स्वस्त दर हॉटेलांनी इतरत्र देऊ नये, ही मेकमायट्रिप-गोआयबिबोची अट त्या प्रकरणाच्या मुळाशी होती. दर कुणी ठरवायचा हा प्रश्न असा थेट दोन खोल्यांच्या घरापर्यंत येऊन ठेपतो. म्हणूनच ‘घरगुती राहण्याची सोय’ अशी पाटी लावणारे काही जण पाहुणा निघताना त्याचा नंबर मागून घेतात आणि पुढच्या वेळी थेट व्हॉट्सअ‍ॅप करा म्हणतात. कमिशन वाचते, आणि मे महिन्याचा भाव घरातच ठरतो.