शकीरा : रॉकमधून किनाऱ्याकडे

नोव्हेंबर २००१ मध्ये ‘लॉन्ड्री सर्व्हिस’ हा अल्बम आला आणि लॅटिन अमेरिकेतल्या शकीराच्या जुन्या चाहत्यांना पहिला धक्का बसला तो तिच्या केसांचा. गिटार गळ्यात अडकवून, काळे किंवा लाल रंगवलेले केस मोकळे सोडून स्वतः लिहिलेली गाणी गाणारी कोलंबियाची ही मुलगी आता सोनेरी केसांची झाली होती आणि इंग्रजीत गात होती. पोरगी अमेरिकेच्या बाजारात गेली ती गेलीच, असा सूर निघाला. पुढच्या दहा वर्षांत ती रॉकपासून आणखी दूर गेली. रेगेटॉन, साल्सा, डिस्को, मेरेंगे असं एकेक करत तिचं संगीत नाचाच्या मांडवात जाऊन बसलं, आणि तो सूर वाढतच गेला.

मला हा आरोप निम्माच पटतो. शब्दांच्या बाबतीत शकीराने बरंच गमावलं, हे खरं आहे. पण तालाच्या बाबतीत ती परक्या घरी गेली नाही. ती माहेरी परतली. हे समजण्यासाठी तिचं गाव पाहावं लागतं.

बारांकिया हे कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरचं, माग्दालेना नदीच्या मुखाजवळचं बंदर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइनकडची कुटुंबं या किनाऱ्यावर उतरली. त्यांचे कागदपत्र ऑटोमन साम्राज्याचे, म्हणून स्थानिक लोक त्यांना सरसकट ‘तुर्को’ म्हणत. शकीराचे वडील विल्यम मेबारक लेबनीज वंशाचे. आई नीदिया रिपोल कोलंबियाची. शकीराचा जन्म २ फेब्रुवारी १९७७ चा. लहानपणी अरबी खाणावळीत दरबुक्याचा ठेका ऐकून ती नाचू लागली, ही आठवण तिने अनेकदा सांगितली आहे. आठव्या वर्षी तिने पहिलं गाणं लिहिलं ते वडिलांच्या काळ्या चष्म्यावर. मोठा सावत्र भाऊ मोटारसायकलच्या अपघातात गेला होता आणि वडील दुःख झाकायला तो चष्मा लावून बसत. पुढे तिच्या लेखणीत जे आलं त्याचं मूळ इथे दिसतं.

याच शहरात दरवर्षी राखेच्या बुधवारच्या आधीचे चार दिवस कार्निव्हल भरतो. युनेस्कोने २००३ मध्ये त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला. लांब सोंड आणि मोठाले कान असलेला ‘मारिमोंदा’चा मुखवटा घालून माणसं रस्त्यावर उतरतात, हे सोंग मुळात बड्या लोकांची टर उडवण्यासाठी निघालं. आणि सगळीकडे वाजत असते ती कुंबिया. तिचे ढोल आफ्रिकेतून आलेल्या गुलामांचे, लांब बासऱ्या मूळ रहिवाशांच्या, घेरदार पोशाख स्पॅनिश. कुंबिया नाचणाऱ्या बाईच्या पायाकडे नीट पाहावं. पाऊल जमिनीवरून उचलत नाही, सरकत जातं. खांदे जवळजवळ स्थिर, हालचाल सगळी कंबरेत. अरबी नाचातही वरचं धड आवरून कंबर स्वतंत्रपणे चालवायची असते. दोन खंडांतल्या या दोन रीती बारांकियाच्या एका घरात एकत्र आल्या. पुढे जगाने ज्याला ‘शकीराचं नृत्य’ म्हटलं ते या संगमातून आलेलं आहे.

मग ती आधी रॉककडे का गेली? चौदाव्या वर्षी निघालेला ‘माखिया’ (१९९१) आणि नंतरचा ‘पेलिग्रो’ (१९९३) हे अल्बम चालले नाहीत. तेव्हा स्पॅनिश रॉकची लाट होती. कुंबिया ही आईवडिलांच्या पिढीची, किनाऱ्यावरच्या लोकांची गोष्ट. विचार करणाऱ्या तरुणाईचं वाद्य गिटार, आणि कोलंबियातला संगीतधंद्याचा कारभार डोंगरातल्या बोगोटात. गिटारवादक आणि निर्माते लुईस फेर्नांदो ओचोआ यांच्या साथीने तिने १९९५ मध्ये ‘पिएस देस्काल्सोस’ काढला आणि स्पॅनिश जगात ती माहीत झाली. ती खरी गीतकार आहे हे या अल्बमने सिद्ध केलं. मुलीने कसं वागावं याचे समाजाने घालून दिलेले नियम ती एकामागून एक मोजते आणि त्यांच्यावर चिडते, ते आजही ताजं वाटतं.

१९९८ चा ‘दोंदे एस्तान लोस लाद्रोनेस?’ हा माझ्या मते तिचा सर्वांत भरीव अल्बम. ‘चोर कुठे आहेत?’ हे नाव बोगोटाच्या विमानतळावर गाण्यांचे कागद असलेली बॅग चोरीला गेली त्यावरून पडलं. इथे मायामीचे एमिलियो एस्तेफान कार्यकारी निर्माते होते. क्यूबाहून आलेलं हे एस्तेफान दांपत्य, म्हणजे गायिका ग्लोरिया आणि एमिलियो, स्पॅनिश गायकांना इंग्रजी बाजारात नेण्याचा रस्ता चांगला ओळखत होतं. अल्बमच्या शेवटी ‘ओखोस आसी’ हे गाणं येतं आणि रॉकच्या चौकटीला तडा जातो: अरबी ताल, अरबी ओळी, आणि त्यावर नाचणारी शकीरा. ऑगस्ट १९९९ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या ‘एमटीव्ही अनप्लग्ड’मध्ये तर तिने एका गाण्याला मेक्सिकन मारियाची वादकांचा ताफा बसवला. वळण इथूनच सुरू झालं होतं, केस रंगवण्याच्या आधी. त्याच वर्षी गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी तिच्यावर लेख लिहिला. मार्केस याच किनाऱ्याचे. तरुणपणी बारांकियाच्या ‘एल एराल्दो’ या वर्तमानपत्रात सदर लिहिणारे. आपल्या भागातली ही पोर काय चीज आहे, हे त्यांनी लवकर ओळखलं.

ते वर्ष रिकी मार्टिनचं होतं. फेब्रुवारी १९९९ च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याने मंच हलवून सोडला आणि अमेरिकन कंपन्यांना स्पॅनिश आडनावांची घाई झाली. शकीराने दुसऱ्याकडून इंग्रजी गाणी लिहून घेण्याऐवजी शब्दकोश घेऊन बसणं पसंत केलं. लेनर्ड कोहेन, वॉल्ट व्हिटमन वाचले. हा तिचा स्वाभिमान मला फार मोलाचा वाटतो. ‘लॉन्ड्री सर्व्हिस’च्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. तरी ‘व्हेनेव्हर, व्हेअरेव्हर’ बारकाईने ऐका. सुरुवातीलाच पाव्यांचा तो उंच सूर आणि चारांगो या तंतुवाद्याची किणकिण येते. गाणं देखणं आहे, पण ते पावे अँडीज पर्वतातले, बोलिव्हिया-पेरूकडचे. बारांकियाचं त्यात काही नाही. परदेशी श्रोत्याला ‘तिकडचं काहीतरी’ पटकन ओळखू यावं म्हणून केलेली ती मांडणी आहे. बाजाराला शरण जाणं म्हणायचं तर ते इथे म्हणावं.

पुढे २००५ साली तिने जे केलं ते धाडसाचं होतं. जगभर इंग्रजीत खपल्यावर पुढचा अल्बम तिने आधी स्पॅनिशमध्ये काढला: ‘फिखासिओन ओराल, भाग १’. त्यातलं ‘ला तोर्तुरा’ स्पेनच्या आलेहांद्रो सान्सबरोबरचं. या गाण्याने अमेरिकेच्या लॅटिन यादीत पंचवीस आठवडे पहिला क्रमांक राखला आणि इंग्रजीचा एक शब्द नसताना मुख्य ‘हॉट १००’ यादीत तेविसावं स्थान गाठलं.

त्या गाण्याखाली कोणता ताल आहे? आपल्या कहरव्याच्या आठ मात्रा घ्या आणि त्या तीन-तीन-दोन अशा फोडा. जोर पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर द्या. क्यूबापासून ब्राझीलपर्यंत, जिथे जिथे आफ्रिकन गुलाम नेले गेले तिथे तिथे हा साचा सापडतो. आता पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर खर्जातला ठोका बसवा, चौथ्या-सातव्यावर कडक थाप. झाला रेगेटॉनचा ‘देंबो’. जमैकाच्या शाबा रँक्सच्या गाण्यावरून हे नाव पडलं, पनामात त्याला स्पॅनिश बोल मिळाले, प्वेर्तो रिकोत तो वाढला, आणि २००४ मध्ये डॅडी यँकीच्या ‘गासोलिना’ने जगभर गेला. पाचवी मात्रा सरळ चालते, चौथी आणि सातवी तिच्याशी भांडतात; पाय एकीकडे आणि कंबर दुसरीकडे जाते ती त्या भांडणामुळे. शकीराने या देंबोला कुंबियाची चाल जोडली. कॅरिबियन किनाऱ्यावर वाढलेल्या मुलीला हे जुळवायला वेगळा अभ्यास लागला नसावा, असं ऐकताना वाटतं.

‘हिप्स डोन्ट लाय’ हे तर मूळ अल्बमवर नव्हतंच. ‘फिखासिओन’चा इंग्रजी दुसरा भाग नोव्हेंबर २००५ मध्ये आला आणि अमेरिकेत अपेक्षेइतका उचलला गेला नाही. मग हैतीत जन्मलेल्या वाइक्लेफ जाँच्या २००४ मधल्या एका चित्रपटगीतावरून हे गाणं नव्याने बांधून २००६ मध्ये अल्बमला जोडलं. त्यातली ती ट्रम्पेटची ललकारी प्वेर्तो रिकोच्या जेरी रिवेराच्या १९९२ च्या साल्सा गाण्यातून घेतलेली. चित्रफितीत कार्निव्हलचे मुखवटे दिसतात, आणि शब्दांत बारांकिया नावानिशी येतं. अमेरिकन यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलेलं कोलंबियन गायिकेचं हे पहिलं गाणं. पाच वर्षांपूर्वी उसने पावे वाजवावे लागले होते. आता गावाचं नाव घेऊन जग नाचत होतं.

त्याच वर्षी ऑगस्टअखेर न्यूयॉर्कच्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यात हेच गाणं तिने हिंदी सिनेमाच्या धर्तीवर सादर केलं आणि नृत्य बसवायला मुंबईहून फराह खानला बोलावलं. मार्च २००७ मध्ये ती स्वतः मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर गायली.

‘शी वुल्फ’ (२००९) या डिस्को-इलेक्ट्रॉनिक प्रयोगावर मी फार थांबत नाही; त्यातली कारागिरी चोख, पण गावाची माती कमी. ‘साले एल सोल’ (२०१०) मात्र महत्त्वाचा. त्यात डॉमिनिकन मेरेंगे आहे. ‘वाका वाका’ हे गाणंही त्याच वर्षीचं. ते कॅमेरूनच्या ‘गोल्डन साउंड्स’ या, राष्ट्राध्यक्षांच्या रक्षकदलातल्या सैनिकांच्या वाद्यवृंदाच्या १९८६ च्या गाण्यावर उभं आहे, आणि त्यांचा आधी उल्लेख न झाल्याने वाद होऊन पुढे तडजोड झाली. हे श्रेय पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं, यात मला शंका नाही. पण आफ्रिकेतलं हे गाणं शकीराच्या हाती आकाशातून पडलं नव्हतं. डॉमिनिकन बायकांच्या ‘लास चिकास देल कान’ या वाद्यवृंदाने ते १९८०च्या दशकातच मेरेंगेत बसवून कॅरिबियनमध्ये नेलं होतं. कोलंबियाच्या त्या किनाऱ्यावर आफ्रिकन तबकड्या खलाशांबरोबर उतरत, ‘पिको’ नावाच्या रंगवलेल्या भल्यामोठ्या ध्वनिवर्धकांवर गल्लोगल्ली वाजत, आणि त्यांतूनच कार्ताखेनाच्या गरीब वस्त्यांत ‘चांपेता’ हा नाच जन्मला. शहरातली सुशिक्षित घरं चांपेताला कित्येक वर्षं नाक मुरडत होती.

तालात शकीरा अशी घरीच परतली; तिच्या हातून निसटलं ते शब्दांचं. ‘लाद्रोनेस’मधली वाक्यं दोनदा वाचावीशी वाटतात, नंतरच्या कित्येक गाण्यांत ओळ ठेक्याची सोय पाहून लिहिलेली कळते. नाचाच्या गाण्यात चांगलं लिहिता येत नाही असं मुळीच नाही, ‘ला तोर्तुरा’त तिनेच ते करून दाखवलं आहे. म्हणूनच ही उणीव जास्त टोचते.

आपल्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशी, २ फेब्रुवारी २०२० रोजी, ती मायामीच्या सुपर बोल सामन्याच्या मध्यंतरात जेनिफर लोपेझसोबत मंचावर होती. त्या काही मिनिटांत तिने गिटार वाजवली, अरब बायका लग्नात काढतात तसा जिभेचा उलुकार केला, साल्सा नाचली, आणि शेवटाकडे किनाऱ्यावरच्या कृष्णवर्णीयांचे मापाले आणि चांपेता हे नाच सादर केले. दुसऱ्या दिवसापासून जगभरच्या पोरी चांपेताची ती पावलं शिकून त्यांच्या चित्रफिती टाकू लागल्या. कार्ताखेनातल्या ज्या नर्तकांनी ती पावलं घडवली, त्यांच्याकडे शिकवणी मागणारे फोन आता परदेशातून यावेत आणि त्याचे पैसे त्यांच्याच वस्तीत पडावेत, एवढं मला मनापासून वाटतं.