बीजिंगमधली अंगठेबहाद्दर

चीनमध्ये दोन वर्षं राहून आले म्हटलं, की मैत्रिणींचा पहिला प्रश्न ठरलेला, "अगं, पण तिथे खाल्लंत काय?" आम्ही शाकाहारी, तेव्हा काळजी रास्तच. पण खरं सांगू का, जेवणाचं फारसं अडलं नाही. बीजिंगच्या मंडईत दुधी, कारली, दोडकी, आलं, कोथिंबीर सगळं मिळतं. मूग तर घरोघरी. उन्हाळ्यात ते शिजवून, साखर घालून, गार करून पितात. मूग थंड, हे त्यांनाही आपल्यासारखंच ठाऊक! तूरडाळ आणि गोडा मसाला तेवढा इथून नेला होता.

अडलं ते वाचायचं.

ह्यांना कंपनीने २०१७ मध्ये तिकडे पाठवलं. त्याआधी दहा वर्षं मी वस्तीतल्या बायकांचे साक्षरता वर्ग घेत होते. आणि आता मला, चांगल्या बी.ए. झालेल्या बाईला, दुकानाची पाटी वाचता येईना. औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, दाराखालून सरकवलेल्या कागदात काय आहे, काही कळेना. परदेशी माणूस हॉटेलात न उतरता घरात राहणार असेल, तर चोवीस तासांत पोलीस चौकीत नोंद करावी लागते. तिथे ह्यांच्या ऑफिसातला मुलगा "इथे" म्हणाला, मी तिथे सही केली. वर्गातल्या एक मावशी म्हणायच्या, "बाई, कागद पुढे आला की पोटात गोळा येतो." तो गोळा कसा असतो ते मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

मग त्या बायकांच्याच युक्त्या कामाला आल्या. मिठाची रिकामी पिशवी धुऊन पर्समध्ये ठेवायची आणि दुकानात तीच दाखवायची. वळण लक्षात ठेवायचं ते लाल कंदिलाच्या खानावळीवरून. मेट्रोत मात्र स्टेशनांची नावं रोमन लिपीतही असतात, त्यामुळे फिरणं सोपं होतं. चीनची भिंत आम्ही मुथियान्यूला पाहिली, राजवाडाही पाहिला. भव्यच आहे सगळं, पण त्यावर आजवर इतकं लिहून आलंय की मी वेगळं काय सांगणार?

मी रमले ती शेजारच्या आजींबरोबर. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. त्यांचा नातू मला 'आयी' म्हणायचा. आयी म्हणजे चक्क मावशी! आजींनी मला मंडईत नेलं आणि हिशेब शिकवला. भाव किलोचा नाही, 'जिन'चा, म्हणजे अर्ध्या किलोचा. आणि आकडे एका हाताच्या बोटांवर, थेट दहापर्यंत. अंगठा आणि तर्जनी उघडली की आपल्याला वाटेल दोन, पण ते आठ! करंगळी आणि अंगठा म्हणजे सहा. हाताला एकदा हे वळण लागलं की तोंड न उघडताही घासाघीस जमते.

अक्षरं त्या माझ्या तळहातावर बोटाने काढून दाखवायच्या. पहिलं शिकले ते 'सू', म्हणजे शाकाहारी. दुसरं 'न्यू', म्हणजे स्त्री. ते कुठे लागतं हे बायकांना सांगायला नको!

सकाळी आम्ही कधी कधी स्वर्गमंदिराच्या बागेत जायचो. मंदिर १४२० सालचं, मिंग राजांच्या काळातलं. पण मला बघायची असायची ती बागेतली म्हातारी माणसं. कुणी पत्ते कुटतंय, कुणी विणतंय, कुणी जोडीने नाचतंय. आणि काही आजोबा लांब दांड्याचा जाड कुंचला पाण्यात बुडवून फरशीवर अक्षरं लिहीत असतात. शेवटच्या ओळीपर्यंत येईस्तोवर पहिली वाळून गेलेली असते. त्या ओळींत मी ओळखीचं अक्षर शोधायची आणि सापडलं की आजींचा हात दाबायची.

एप्रिल २०१८ मध्ये छिंगमिंगचा सण आला. आपल्या पितृपक्षासारखाच पूर्वजांचा. लोक थडगी झाडूनपुसून फुलं वाहतात. आम्ही आगगाडीने शिजियाजुआंगला गेलो. आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी तिथल्या हुतात्मा स्मारकात आहे. शांतारामबापूंच्या १९४६ च्या सिनेमामुळे त्यांचं नाव आपल्याला ठाऊक असतं. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर युद्धातल्या जखमींची सेवा करायला चीनला गेले, त्यांतले ते एक. ते चिनी भाषा शिकले, तिथल्याच गुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. मुलगा तेव्हा काही महिन्यांचा होता. त्याचं नाव इनह्वा. 'इन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन.

त्या पाचही डॉक्टरांनी आपापल्या चिनी नावाच्या शेवटी हा 'ह्वा' जोडून घेतला होता. कोटणीस तिथे 'के दीह्वा'. फुलं ठेवली आणि दगडावरचं नाव बघत उभी राहिले. पहिली दोन अक्षरं मला येत नव्हती. तिसरं आलं! मी मोठ्याने म्हटलं, "ह्वा." शेजारी आईबरोबर आलेली सात-आठ वर्षांची मुलगी खुदकन हसली. हा सूर वर चढवायचा असतो, हे तिने हनुवटी उचलून दाखवलं. मी पुन्हा म्हटलं, तिने पुन्हा हनुवटी उचलली. तिसऱ्यांदा तिने मान डोलावली आणि आईचा हात धरून पुढे गेली.