पूरकाळातील होडीचे इंजिन : निवड आणि निगा

पावसाळ्यात कृष्णा, दूधगंगा व वेदगंगा या नद्या दुथडी भरून वाहू लागल्या की निपाणी व चिकोडी परिसरातील नदीकाठच्या गावांना होडीची आठवण होते. 2019 आणि 2021 च्या महापुरांत यमगर्णीनजीक वेदगंगेचे पाणी पसरून पुणे-बंगळूर महामार्गावरील वाहतूकही खंडित झाली होती. गुऱ्हाळाची काहील पाण्यात लोटून माणसे हलविण्याचे प्रसंगही कृष्णाकाठच्या मुलखाला नवे नाहीत. अशा वेळी इंजिनाची होडी मोठा आधार ठरते. मात्र इंजिन लावले म्हणजे होडी सुरक्षित झाली, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. इंजिनाची निवड व निगा यांविषयीची मूलभूत माहिती प्रत्येक नदीकाठच्या गावात काही जणांना तरी असावयास हवी.

यंत्राची ओळख

आपल्याकडे 'मोटार' म्हटले की उसाला पाणी देणारा नदीकाठचा पंप डोळ्यांपुढे येतो. होडीच्या मागील फळीवर अडकविण्याची 'आउटबोर्ड मोटार' निराळी. तिच्यात वर इंजिन, मध्ये उभा दांडा आणि खाली पाण्यात फिरणारा पंखा असतो. संपूर्ण यंत्र डावीउजवीकडे वळविता येत असल्याने तेच सुकाणूचेही काम करते. नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन तंत्रज्ञ ओले एव्हिन्‌रूड यांनी 1909 पासून अशा मोटारी विक्रीस आणल्या व त्यांचा प्रसार झाला.

समुद्रावर शिडाच्या होडीला असे लहान इंजिन वारा पडल्यावर किंवा बंदरात शिरताना उपयोगी पडते; तेथे मुख्य भार शिडावरच असतो. पुराच्या पाण्यात झाडे, घरे व विजेच्या तारा यांमुळे शीड उभारताच येत नाही. तेथे इंजिन आणि वल्ही यांवरच भिस्त ठेवावी लागते.

निवड कशी करावी

'जितकी अश्वशक्ती अधिक तितका वेग अधिक' हा नियम साध्या लाकडी होडीस लागू पडत नाही. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या लांबीवर अवलंबून असतो. पाण्याशी सुमारे 5 मीटर लांबी असलेल्या होडीचा वेग ताशी 10 किलोमीटरच्या आसपास थांबतो. पुढे शक्ती वाढविल्यास इंधन जळते, मागची बाजू खाली दबते आणि पाणी आत येण्याचा संभव वाढतो. अशा होडीस सामान्यतः 8 ते 10 अश्वशक्तीचे इंजिन पुरेसे होते. बचाव पथकांच्या हवा भरलेल्या रबरी नौका पाण्याच्या पृष्ठभागावरून धावतात. त्यांना 25 ते 40 अश्वशक्ती लागते. होडी बांधणाऱ्याने ठरवून दिलेली मर्यादा कोणत्याही परिस्थितीत ओलांडू नये.

दांड्याची लांबी होडीच्या मागील फळीच्या उंचीशी जुळली पाहिजे. प्रचलित लांबी 15 व 20 इंच अशा आहेत. दांडा आखूड पडल्यास पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतेच गरगरते आणि होडी पुढे सरकत नाही. जादा लांब झाल्यास तो उथळ पाण्यात बांधाला आपटतो. ओझे वाहणाऱ्या संथ होडीस कमी 'पिच'चा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा पंखा घ्यावा.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून पुढील गणित अवश्य सोडवून घ्यावे. पात्र 600 मीटर रुंद आहे, होडीचा वेग ताशी 10 किलोमीटर व प्रवाहाचा वेग ताशी 7 किलोमीटर आहे. तोंड सरळ पैलतीराकडे ठेवल्यास पार होण्यास सुमारे साडेतीन मिनिटे लागतात. तेवढ्यात होडी 420 मीटर खाली वाहून जाते. म्हणूनच जाणता नावाडी निघताना बराच वरचा घाट धरतो.

निगा

इंजिन थंड ठेवण्यासाठी ते नदीचेच पाणी आत ओढते. चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडत राहिली पाहिजे. ती थांबताच इंजिन बंद करावे. गाळ, प्लास्टिक वा जलपर्णीने तोंड बुजलेले असते. पाण्याबाहेर इंजिन सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा, कारण आतील पंपाची रबरी चक्री कोरडी फिरून खराब होते. गढूळ पाण्यातून आल्यावर खालचा भाग स्वच्छ पाण्याच्या पिंपात बुडवून इंजिन काही मिनिटे चालवावे.

टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. अनेक इंजिनांसाठी हे प्रमाण 50 लिटरला 1 लिटर असे असते. तरीही आपल्या इंजिनाची पुस्तिका पाहावी. फोर-स्ट्रोक इंजिनात तेल निराळे असते, ते पेट्रोलमध्ये कदापि मिसळू नये. गिअरचे तेल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजून सील बदलून घ्यावे.

सर्वाधिक बिघाड मात्र इंजिन वापरल्याने होत नाहीत, ते न वापरता ठेवल्याने होतात. वर्षभर साठविलेले पेट्रोल शिळे होते. आजच्या पेट्रोलमधील इथेनॉल ओलावा शोषून घेते व कार्बुरेटर चोंदतो. ऐन पुरात दोरी ओढून हात दुखतात, परंतु इंजिन पेट घेत नाही. म्हणून हंगाम संपताच टाकी व कार्बुरेटर रिकामे करावेत, इंजिन उभे टांगून ठेवावे आणि मे महिन्यात ताजे इंधन भरून पाण्यात चाचणी घ्यावी.

होडीत बसताना

8 ऑगस्ट 2019 रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी होडी उलटून अनेकांना प्राण गमवावे लागले. हा धडा विसरता कामा नये. ठरलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस अधिक घेऊ नये व प्रत्येकास जीवरक्षक जाकीट द्यावे. इंजिन बंद करणाऱ्या कळीची दोरी चालकाने मनगटास बांधावी, म्हणजे तो पाण्यात पडल्यास पंखा आपोआप थांबेल. बुडालेला ऊस, कुंपणाच्या तारा आणि पंपांचे पाइप वरून दिसत नाहीत. शेतांवरून जाताना वेग अगदी कमी ठेवावा. वल्ही, लांब बांबू, दोर, जादा प्लग व पंख्याची जादा पिन होडीत असावीच.

ग्रामपंचायतीने इंजिनासाठी एक नोंदवही ठेवावी, किमान दोन तरुणांना ते चालविण्यास शिकवावे आणि चाचणीची तारीख फलकावर लावावी. पूर आल्यावर शिकण्यास सवड मिळत नाही. उन्हाळ्यात दिलेला एक दिवस पावसाळ्यात कित्येकांचे प्राण वाचवू शकेल.