बोन मॅरोच्या रिपोर्टमध्ये काय पाहतात?

साठी-सत्तरीतल्या माणसाचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्यांनी वर येत नाही, रक्त चढवलं तरी काही आठवड्यांत पुन्हा घसरतं, तेव्हा डॉक्टरांना 'एमडीएस'चा, म्हणजे मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोमचा संशय येतो. या आजारात अस्थिमज्जा बहुतेकदा पेशींनी गच्च भरलेली असते. पण त्या नीट घडत नाहीत आणि रक्तात उतरण्याआधीच मरतात.

निदानासाठी कमरेच्या हाडाचा मागचा भाग बधिर करून सुईने मज्जा काढतात. थोडी मज्जा स्लाइडवर पसरतात, थोडी हेपरिनच्या नळीत गुणसूत्रांच्या तपासणीला जाते.

स्लाइडवर पेशींचं रूप कळतं. निरोगी न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला साधारण तीन-चार पाळ्या असतात. एमडीएसमध्ये बऱ्याचदा दोनच दिसतात, बारीक धाग्याने जोडलेल्या, नाकावर अडकवायच्या जुन्या चष्म्यासारख्या. पेशीतले दाणेही विरळ झालेले असतात. 'प्रशियन ब्लू' रंग लावला की काही रुग्णांत तांबड्या पेशींच्या जनक पेशींमध्ये केंद्रकाभोवती लोहाच्या निळ्या कणांचं कडं उमटतं. एखाद्या प्रकारच्या किमान १० टक्के पेशी अशा बेढब असतील, तर 'डिस्प्लेसिया' धरतात. शिवाय ब्लास्ट, म्हणजे अगदी कच्च्या पेशी मोजतात. एरवी त्या ५ टक्क्यांच्या आत असतात. २० टक्के झाल्या की आजार अक्यूट ल्युकेमियात गेला असं सहसा मानतात.

पण नुसत्या रूपावर विसंबता येत नाही. बी-१२च्या कमतरतेतही पेशी बेढब होतात आणि आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी लोकांत, ही कमतरता सर्रास आढळते. म्हणून बी-१२ आणि फॉलिक ॲसिड आधी तपासून घ्यायचं.

गुणसूत्रं सुटी दिसतात ती पेशी विभागत असतानाच. त्यामुळे मज्जेतल्या पेशी एक-दोन दिवस ३७ अंश सेल्सिअसला वाढवतात, औषधाने विभाजन मध्येच थांबवतात आणि पातळ क्षारद्रावात पेशी फुगवतात, म्हणजे गुणसूत्रं एकमेकांपासून मोकळी होतात. मग गिम्साच्या रंगाने त्यांच्यावर गडद-फिके पट्टे उमटतात. साधारण २० पेशींतली ४६-४६ गुणसूत्रं पट्ट्यांवरून जुळवून पाहतात.

यातून काय हाती लागतं, याचं ठळक उदाहरण पाचव्या गुणसूत्राचं. त्याच्या लांब बाहूचा तुकडा गळालेले रुग्ण बेल्जियममधल्या हर्मन व्हॅन डेन बर्ग यांनी १९७४ मध्ये नोंदवले. त्या तुकड्यासोबत 'आरपीएस१४' या जनुकाची एक प्रत जाते आणि तांबड्या पेशी घडणं अडतं. त्याच तुकड्यात आणखी एका जनुकाची प्रत गेल्यामुळे या बिघडलेल्या पेशी लेनालिडोमाइडपुढे दुबळ्या पडतात. या औषधाला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. ते घेणाऱ्या अशा रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांची रक्त चढवण्यातून सुटका झाली. उलट सातवं गुणसूत्र गायब असेल किंवा तीन-चार बदल एकत्र असतील, तर आजार आक्रमक ठरतो आणि तब्येत साथ देत असेल तर मज्जा प्रत्यारोपणाचा विचार लवकर करावा लागतो.

जवळपास निम्म्या रुग्णांत गुणसूत्रं नॉर्मल येतात. त्याचा अर्थ आजार नाही असा होत नाही. बारीक बदल जनुक-चाचणीत सापडू शकतात. म्हणून रिपोर्टमधला एखादा शब्द वाचून घाबरू नका आणि 'नॉर्मल' वाचून निर्धास्तही होऊ नका. गुणसूत्रांचा रिपोर्ट उशिरा येतो. तो आल्यावर दोन्ही रिपोर्ट एकत्र घेऊन रक्तविकारतज्ज्ञांना भेटा.