पाकिटावर ३२००, स्क्रीनवर १६००! रॅमवाल्याने फसवलं का?



समजा, बाळकुम नाक्याजवळ तुम्ही फ्लेक्स आणि लग्नपत्रिका डिझाइनचं छोटं दुकान टाकताय. लॅमिंग्टन रोडवरून कॉम्प्युटर जुळवून आणलात. रॅमच्या पाकिटावर लिहिलंय डीडीआर४-३२००. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडलं, तर मेमरीच्या पानावर साधारण १६०० दिसतंय. डोकं गरम! "पैसे पूर्ण घेतले आणि निम्मीच रॅम दिली!"

दुकानदाराला फोन लावण्याआधी दोन मिनिटं थांबा.

डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट. शेअर रिक्षावाला जातानाही सीट भरतो आणि येतानाही. फेऱ्या १०, पण भाडं २० वेळा. रॅमचंही तसंच. घड्याळाच्या एका ठोक्यात ती दोनदा डेटा पाठवते. सीपीयू-झेड ठोके मोजतं, म्हणून १६००. पाकीट डेटाच्या खेपा मोजतं, म्हणून ३२००. विंडोजचा टास्क मॅनेजरही खेपाच दाखवतो. म्हणजे इथे कोणी फसवलेलं नाही.

कुठे पीसी४-२५६०० असं लिहिलेलं दिसलं तरी घाबरू नका. एका खेपेत ८ बाइट जातात. ३२०० गुणिले ८ म्हणजे २५६००. रॅम तीच, फक्त मोजमाप वेगळं.

मग काळजी कधी करायची? टास्क मॅनेजरमध्ये ३२०० ऐवजी २१३३, २४०० किंवा २६६६ दिसलं तर. त्याची नेहमीची कारणं तीन:

१. सेटिंग बंद आहे. बऱ्याच वेगवान रॅम सुरुवातीला साध्या वेगावर चालतात. पूर्ण वेगासाठी बायोसमध्ये एक्सएमपी सुरू करावं लागतं. त्यानंतर मशीन अडकायला लागलं, तर ते परत बंद करा.

२. प्रोसेसर किंवा बोर्डाची मर्यादा आहे. इंटेल कोअर आय५-१०४०० ची अधिकृत मर्यादा २६६६ आहे. साध्या एच४१० बोर्डावर त्याला ३२०० ची रॅम लावली, तरी ती २६६६ वरच चालणार. जास्तीचे पैसे वाया!

३. जुनी-नवी जोडी लावली आहे. २४०० च्या पट्टीशेजारी ३२०० ची लावली, तर दोन्ही हळू पट्टीच्या चालीने चालतात.

म्हणून पैसे देण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "ही रॅम माझ्या बोर्डावर, माझ्या प्रोसेसरबरोबर किती वेगाने चालेल?" आणि रॅमचं पूर्ण मॉडेल बिलावर लिहून घ्या.

आणखी एक. रोजच्या कामातली मोठ्यात मोठी फाइल उघडा आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरी बघा. ८ जीबी पूर्ण भरत असेल, तर वेगाच्या मागे लागू नका, आधी १६ जीबी करा. गोदाम भरलेलं असताना टेम्पो जोरात पळवून उपयोग काय?

भांडवल थोडं असतं तेव्हा प्रत्येक मशीनच्या बाबतीत हे लक्षात ठेवा. पाकिटावरचा आकडा म्हणजे सगळं जुळून आलं तर मिळणारा वेग. तुमच्या टेबलावर किती मिळतो, ते तुम्हालाच तपासायचंय. आज दुकानाचं शटर ओढण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा आणि तुमचा खरा आकडा बघा.