मकरंदाऐवजी तेल

फूल मकरंद देतं आणि कीटक पराग वाहून नेतो, हा व्यवहार आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. ख्रिस्तियान कोनराड श्प्रेंगेल या जर्मन अभ्यासकाने १७९३ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला आणि एका नव्या शास्त्राचा पाया घातला. पुढची पावणेदोनशे वर्षं युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी फुलं उलगडून, चिरून, भिंगाखाली धरून पाहिली. तरीही काही फुलांत मकरंदाचा टिपूसही नसतो, असतं ते तेल, ही गोष्ट नजरेतून सुटली. १९६९मध्ये सिएटलच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत स्टेफान फोगेल यांनी ती जगापुढे मांडली. पुढे १९७६ साली त्यांनी लायसिमाकिया या पिवळ्या फुलांच्या वनस्पतीचं नाव तेल देणाऱ्या फुलांच्या यादीत घातलं. ती युरोपात ओढ्यांच्या काठी, दलदलीच्या कडेला सर्रास उगवते. डोळ्यांपुढचं फूलही इतकी वर्षं अनोळखी राहू शकतं, याचं मला फार नवल वाटतं.

हे तेल अत्तरातल्यासारखं उडून जाणारं नाही. ते खरोखरचं स्निग्ध तेल असतं आणि फुलातल्या खास ग्रंथींतून किंवा केसांतून पाझरतं. ते गोळा करतात फक्त माद्या, त्याही एकेकट्या राहणाऱ्या माश्यांच्या. यांचं पोळं नसतं, राणी नसते, मधाचा साठा नसतो. प्रत्येक मादी स्वतःचं घरटं स्वतः करते, परागात तेल कालवून त्याचा गोळा ठेवते, त्यावर अंडं घालते आणि खोली बंद करते. वजनाला वजन धरलं तर स्निग्ध पदार्थात साखरेच्या दुपटीहून जास्त ऊर्जा असते. अळीला ही शिदोरी पुरते. लायसिमाकियावर येणारी मॅक्रोपिस माशी तर याच तेलाने जमिनीतल्या खोलीच्या भिंतीही लिंपते, म्हणजे ओल आत शिरत नाही. स्वतःच्या पोटासाठी मात्र तिला दुसऱ्या फुलांकडे जावं लागतं, कारण लायसिमाकियात मकरंद नाही.

या नात्याचं सर्वांत थक्क करणारं रूप दक्षिण आफ्रिकेत दिसतं. तिथल्या डायासिया या छोट्या गुलाबी फुलांना मागे दोन पोकळ शुंडिका असतात आणि तेल त्यांच्या आत, खोलवर. रेडिविवा प्रजातीच्या माशीची मादी फुलावर बसते, दोन्ही पुढचे पाय दोन शुंडिकांत घालते आणि पायांवरच्या दाट मखमली केसांनी तेल टिपून घेते. तेवढ्यात तिचं अंग पुंकेसरांना घासतं. रेडिविवाच्या काही जातींत हे पुढचे पाय तिच्या शरीराहूनही लांब झाले आहेत. किम स्टायनर आणि व्हिन्सेंट व्हाइटहेड यांनी १९९०मध्ये दाखवून दिलं, की रेडिविवा नेलियाना या एकाच जातीत जिथे फुलांच्या शुंडिका लांब तिथे माशीचे पाय लांब, जिथे त्या आखूड तिथे पायही आखूड. एका भागातली माशी दुसऱ्या भागातल्या फुलाला पुरी पडेलच असं नाही.

नातं इतकं घट्ट असलं की ते तुटल्यावर काय होतं, हे केप टाउनच्या आसपास अँटन पॉव यांनी तपासलं. तिथे रेडिविवा पेरिंग्वेयी ही माशी हिरवट-पिवळ्या, उग्र वासाच्या अनेक ऑर्किडांची एकमेव परागवाहक आहे. तिचा अधिवास असलेली झुडपी माळजमीन बहुतेक सगळी गव्हाच्या शेतीखाली आणि शहराखाली गेली. राहिले ते तुकडे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की शहराने वेढलेल्या छोट्या राखीव तुकड्यांतून माशी नाहीशी झाली आहे. ऑर्किड तिथे फुलतात, पण फळ धरत नाही. ज्या जाती जमिनीखालच्या कंदांनी वाढू शकतात त्या तग धरून आहेत. बीजावरच अवलंबून असलेल्या जाती मागे पडल्या. पुढे पॉव आणि हॉकिन्स यांनी वनस्पतिसंग्रहालयांतले जुने वाळवलेले नमुने काढले. माशी येऊन गेली असेल तर ऑर्किडच्या फुलातला परागपिंड निघालेला असतो, आणि ती खूण कागदावर दाबलेल्या फुलातही टिकते. अशा रीतीने गेल्या काळातल्या माश्यांच्या फेऱ्याही अंदाजता आल्या. मला हा अलीकडच्या निसर्गसंशोधनातला फार सुंदर प्रयोग वाटतो, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष तितकाच दुःखद.

तेलाचं नातं तुटल्यावर वनस्पती सावरू शकते का? वेळ मिळाला तर सावरते. सुझान रेनर आणि हान्नो शेफर यांनी २०१०मध्ये मांडलेल्या हिशोबानुसार तेलफुलं किमान २८ वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आणि किमान ३६ ते ४० वेळा तेल देणं बंद झालं. त्यातलं एक उदाहरण आपल्या सह्याद्रीत आहे: माधवीलता. तिचं कुळ माल्पिगिएसी, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. तिथल्या तिच्या भाऊबंदांच्या निदलांवर सहसा आठ किंवा दहा तेलग्रंथी असतात आणि सेंट्रिस माश्या त्या खरवडतात. या कुळाच्या काही शाखा जुन्या जगात, म्हणजे आफ्रिका-आशियात पोचल्या, पण सेंट्रिस आल्या नाहीत. माधवीच्या फुलाखाली आता एकच मोठी ग्रंथी उरली आहे, तिच्यातून तेल नव्हे तर गोड रस पाझरतो आणि माश्या परागासाठी येतात. झालरीच्या पाकळ्या, त्यातल्या एकीवर पिवळा डाग, तीन पंखांचं फळ, सगळं थाटात चालू आहे. मात्र या फेरजुळणीला लाखो वर्षं मिळाली. केपच्या ऑर्किडांना काही दशकंच मिळाली आहेत.

तेलमाश्यांचं जुन्या जगातलं आणखी एक घराणं म्हणजे टेनोप्लेक्ट्रा. आफ्रिकेपासून आशिया-ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेल्या या माश्या काकडीच्या कुळातल्या फुलांकडे तेलासाठी जातात. कारलं आणि कर्टोली ज्या प्रजातीत येतात ती मोमॉर्डिका प्रजातीही त्यांच्या ओळखीची.

आपल्याकडे देवराया आहेत, गावाने राखलेले रानाचे तुकडे आहेत, आणि त्यांची मोजदाद बहुधा झाडं आणि वेली मोजून होते. केपच्या ऑर्किडांचीही मोजणी झाली असती तर आकडा बराच काळ चांगलाच आला असता. म्हणून जे कोणी अशा जागांच्या नोंदी ठेवतात, त्यांना विनंती आहे: फुलं मोजाल तेव्हा त्यांवर कोण बसतं हेही लिहा, आणि हंगाम सरताना पुन्हा जाऊन फळं धरली का, खाली नवी रोपं उगवली का, तेही पाहून ठेवा.